सीलबंद लेगो सेट: लिलावात घ्यावेत का, आणि खोकं खरं कसं ओळखावं

विचारणारे नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला नोकरीसाठी राहतात. त्यांचा प्रश्न असा: "मुलाच्या निमित्ताने लेगोचा नाद लागला. ऑनलाइन लिलावात सीलबंद सेट घेतले, तीन-चार वर्षं ठेवले आणि मग विकले, तर बँकेत पैसे ठेवण्यापेक्षा बरं पडेल का? खोकं कधीच उघडलेलं नाही याची खात्री कशी करायची? आमच्या घरात जागा कमी आहे, पुण्याला भावाकडे ठेवले तर चालतील का? सध्या एका लिलावात अपोलो सॅटर्न फाइव्ह रॉकेटचा जुना सेट, क्रमांक २१३०९, दिसतोय. बोली लावू का?"

आधी थोडक्यात सांगतो. सीलबंद सेट विकायला लिलाव ही चांगली जागा आहे. पुढे विकण्यासाठी घ्यायला मात्र बहुतेक वेळा वाईट. तुम्ही लिलाव जिंकलात याचा अर्थ त्या दिवशी त्या खोक्यासाठी तुमच्याइतके पैसे मोजायला दुसरं कुणी तयार नव्हतं. मुलाबरोबर बसून बांधायला घेत असाल तर त्यात काहीच बिघडत नाही. वस्तू इतरांपेक्षा तुम्हाला जास्त हवी होती, मिळाली, संपलं. पण विकायला घेत असाल तर ज्या किमतीला आज दुसरं गिऱ्हाईक नाही, त्या किमतीला तुम्ही माल उचललात. तिथून नफा व्हायचा तर भाव किती चढायला हवा, हे फार थोडे लोक आधी मोजतात.

मोजून दाखवतो. समजा एका सेटची दुकानातली किंमत १५० युरो आहे आणि तीन वर्षांनी तोच सेट लिलावात २०० युरोला सुटतो. विक्रेत्याकडून साडेबारा टक्के कमिशन आणि त्या कमिशनवर २१ टक्के बीटीडब्ल्यू, म्हणजे आपल्याकडच्या जीएसटीसारखा कर, असं धरलं तर ३० युरो २५ सेंट गेले. पार्सलचा पुठ्ठा आणि बबल रॅप यांचे ५ युरो. टपालखर्च घेणारा देतो असं धरू. हातात राहिले १६४ युरो ७५ सेंट.

आता खरेदी तीन तऱ्हांनी होऊ शकते. दुकानात ३० टक्के सूट असताना १०५ युरोला घेतला असेल, तर वर्षाला सुमारे १६ टक्के सुटले. सवलतीची वाट न पाहता पूर्ण १५० दिले असतील, तर वर्षाला जेमतेम ३ टक्के. आणि उत्पादन बंद झाल्यावर लिलावात "फक्त १५० ला मिळाला" म्हणून घेतला असेल, तर त्यावर ९ टक्के खरेदीदार शुल्क, ३ युरो ठोक शुल्क आणि १० युरो टपाल धरून खिशातून गेले १७६ युरो ५० सेंट. म्हणजे भाव एक तृतीयांशाने चढूनही तीन वर्षांनी जवळजवळ १२ युरोंचं नुकसान. सेट तोच, विक्रीचा भाव तोच. शुल्कांचे दर प्रत्येक संकेतस्थळावर वेगळे असतात आणि बदलत राहतात, तेव्हा आपण वापरतो तिथले ताजे दर घालून हे गणित करा. पण बोली लावण्याआधी करा, नंतर नाही.

"लेगो सोन्यापेक्षा जास्त परतावा देतं" ही बातमी तुम्हीही वाचली असेल. तिच्यामागे मॉस्कोच्या हायर स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या संशोधकांचा अभ्यास आहे. १९८७ ते २०१५ या काळातल्या उत्पादन बंद झालेल्या दोन हजारांवर सेटच्या किमती पाहून त्यांनी सरासरी वार्षिक वाढ ११ टक्क्यांच्या आसपास काढली. अभ्यास प्रामाणिक आहे, पण त्याच अभ्यासात सेटासेटांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, कित्येक सेट तर तोट्यात गेलेले आहेत. शिवाय १९९० च्या दशकात फारसं कुणी माळ्यावर सीलबंद खोकी साठवून ठेवत नव्हतं. मुलं सेट उघडायची, खेळायची, खोकं केराच्या टोपलीत जायचं. म्हणून जुनं बंद खोकं दुर्मीळ झालं. आज एखादा मोठा सेट बंद होणार अशी कुणकुण लागली की युरोपभर लोक चार-चार नग घेऊन ठेवतात. ती सगळी खोकी तीन वर्षांनी तुमच्याबरोबरच बाजारात येतात. म्हणून पुढच्या दहा वर्षांसाठी तो ११ टक्क्यांचा आकडा गृहीत धरू नका.

आता लिलावाची यंत्रणा, कारण दोन प्रमुख जागांची रीत वेगळी आहे. ईबेवर लिलाव ठरलेल्या सेकंदाला संपतो. तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकून ठेवता आणि संकेतस्थळ तुमच्या वतीने दुसऱ्या बोलीपेक्षा एक पायरी वर, इतकीच बोली लावत जातं. त्यामुळे तिथे शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकणाऱ्याला खरोखर फायदा होतो. समोरच्याला पुन्हा विचार करायला वेळच उरत नाही. कॅटाविकी या डच संकेतस्थळावर शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ आपोआप वाढते, त्यामुळे ती चलाखी चालत नाही. माणसं "आणखी पाच युरो" म्हणत एकमेकांना ओढत नेतात आणि वर खरेदीदार शुल्क लागणार आहे हे त्या मिनिटात कुणाच्या लक्षात राहत नाही. यावर माझा एकच नियम आहे. सगळा खर्च वजा करून मला परवडणारी कमाल रक्कम मी आदल्या दिवशी कागदावर लिहितो, ती एकदा टाकतो आणि पडदा बंद करतो.

ती रक्कम काढायची कशी? लोक काय मागतायत याकडे बघू नका, काय भावाने विकलं गेलं ते बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची वेगळी गाळणी आहे. ब्रिकलिंकवर तर प्रत्येक सेटची मागच्या सहा महिन्यांतली प्रत्यक्ष विक्री दिसते, नवीन आणि वापरलेले वेगवेगळे. २००० साली एका हौशी माणसाने सुरू केलेली ही बाजारपेठ २०१९ मध्ये लेगो कंपनीनेच विकत घेतली, आणि भाव पाहायला तिच्याइतकी भरवशाची जागा मला दुसरी माहीत नाही. तिथे सरासरीबरोबर किती नग विकले गेले तेही बघा. सहा महिन्यांत दोनच नग गेले असतील तर त्या सरासरीला काही अर्थ नाही.

कुठले सेट घ्यावेत यावर माझी मतं ठाम आहेत. ज्याच्या जागी दुसरा सेट चालणार नाही असाच घ्यावा. सिटी मालिकेत पोलीस स्टेशन, अग्निशमन केंद्र दर काही वर्षांनी नवीन येतं. जुन्यासाठी कुणी का जास्त पैसे देईल? उलट २००७ च्या कॅफे कॉर्नरचं (१०१८२) उदाहरण घ्या. २,०५६ तुकडे, तेव्हाची किंमत १४० डॉलरच्या आसपास. मॉड्युलर, म्हणजे एकमेकींना जोडून रस्ता बनवता येणाऱ्या, इमारतींच्या मालिकेतला तो पहिला, आणि ज्याने पुढच्या सगळ्या इमारती जमवल्यात त्याला रस्त्याच्या कोपऱ्यावर तोच हवा असतो. कंपनीने तो पुन्हा काढलेला नाही. अशी मागणी वर्षानुवर्षं टिकते. स्टार वॉर्सच्या सेटमध्ये पुष्कळदा एखादी मिनिफिगरच, म्हणजे लेगोची छोटी बाहुलीच, सगळा भाव धरून असते. ती फक्त त्याच सेटमध्ये मिळत असेल तर उत्तम, पण उद्या कंपनीने स्वस्त सेटमध्ये तीच फिगर घातली की भाव उतरला.

इथे येतो या धंद्यातला सगळ्यात मोठा धोका: पुनर्प्रकाशन. आपल्यातल्या पुष्कळांना पहिली भुरळ ताजमहालाची पडते, आणि त्याचीच गोष्ट शिकण्यासारखी आहे. २००८ चा १०१८९ हा ताजमहाल ५,९२२ तुकड्यांचा, किंमत ३०० डॉलरच्या घरात. बंद झाल्यावर सीलबंद नगाचा भाव कित्येक पट चढला. मग नोव्हेंबर २०१७ मध्ये कंपनीने जवळजवळ तोच सेट १०२५६ या क्रमांकाने ३७० डॉलरला पुन्हा आणला आणि जुन्या खोक्यांचा भाव कोसळला. त्याच वर्षी स्टार वॉर्समधल्या मिलेनियम फाल्कन यानाच्या २००७ च्या मोठ्या सेटचंही (१०१७९) तसंच झालं. ७,५४१ तुकड्यांचा नवा फाल्कन (७५१९२) आला आणि जुना घेऊन बसलेल्यांची किती वर्षांची वाट वाया गेली. नव्या फाल्कनबाबत उलटाही धडा आहे. २०१७ मध्येच दोन-तीन नग घेऊन "बंद झाला की विकू" म्हणणाऱ्यांनी पाहिलं की तो वर्षामागून वर्षं दुकानात मिळतच राहिला. बहुतेक सेट दीड ते तीन वर्षांत बंद होतात, पण कंपनीवर तसं बंधन नाही.

आता खोकं. सीलबंद सेटमध्ये तुम्ही विकत घेता तो पुठ्ठा आणि त्यावरचा भरवसा. आतले तुकडे तुम्हाला दिसतच नाहीत. म्हणून फसवणूकही तिथेच होते. सगळ्यात नेहमीचा प्रकार असा की खोक्याची एक बाजू वाफेने किंवा गरम हवेने अलगद सोडवतात, महागड्या मिनिफिगर काढून घेतात, जागी नकली किंवा स्वस्त फिगर घालतात आणि पुन्हा चिकटवतात. दुसरा प्रकार दुकानाच्या परतीतून येतो. सेट विकत घ्यायचा, माल काढायचा, तेवढ्याच वजनाचा पास्ता किंवा तांदूळ भरायचा, बंद करून परत द्यायचा. तो सेट पुन्हा फळीवर जातो, कुणीतरी प्रामाणिकपणे घेतो, वर्षानुवर्षं जपतो आणि प्रामाणिकपणेच लिलावात विकतो. विक्रेत्याचा हेतू चांगला असला म्हणून खोकं चांगलं ठरत नाही, हे लक्षात असू द्या.

मी फोटो मागतो ते असे: सहाही बाजू, दोन्ही टोकांची झडप जवळून, आणि तिरक्या उजेडात एक. गोंदाच्या झडपेच्या कडेला पुठ्ठ्याचा वरचा थर सोललेला असेल, रेषा पांढरी पडली असेल किंवा गोंद बाहेर आला असेल तर ते लगेच दिसतं. कारखान्याचा गोंद ठिपक्यांनी किंवा पट्ट्यांनी एकसारखा लागतो, माणसाने लावलेला तसा लागत नाही. मोठ्या खोक्यांवर पारदर्शक गोल चिकटपट्ट्या असतात. त्यांच्याखाली हवेचे बुडबुडे, धूळ किंवा आधीच्या पट्टीचा पुसट गोल ठसा दिसला तर सोडून द्या. सगळ्या सेटना सारखंच सील नसतं. कारखाने वेगवेगळ्या देशांत आहेत आणि काळानुसार पद्धत बदलली आहे. त्यामुळे तुमच्या सेटच्या इतर विक्रींचे फोटो शेजारी ठेवून बघा. एकट्या फोटोवरून निवाडा करू नका.

वजन हा दुसरा आधार. ब्रिकलिंकच्या सूचीत बहुतेक सेटचं वजन दिलेलं आहे. विक्रेत्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर खोकं ठेवून फोटो काढायला सांगा. थोडाफार फरक चालतो, पण अडीच किलोच्या सेटमध्ये शंभर-दीडशे ग्रॅम कमी भरले तर काहीतरी गेलेलं आहे. वजन बरोबर आलं म्हणून सगळं ठीक, असंही नाही. मिनिफिगर काही ग्रॅमचीच असते. हातात आल्यावर खोकं हळूच एका बाजूला कलवा. पिशव्यांतले तुकडे सरकल्याचा आवाज ओळखीचा असतो, सुट्या धान्याचा वेगळा. कंपनी अलीकडे प्लास्टिकच्या पिशव्यांऐवजी कागदी पिशव्यांकडे वळली आहे, त्यामुळे नव्या सेटचा आवाज थोडा दबका येतो; त्याने घाबरू नका.

एक गोष्ट सीलवरून कधीच कळत नाही: माल चोरीचा आहे का. २०२४ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी एका छाप्यात चोरीची २,८०० हून जास्त लेगो खोकी पकडली. त्यातली खोकी अस्सल होती, सील अस्सल होतं. बाजारभावापेक्षा खूप खाली, एकाच माणसाकडे एकाच नव्या सेटचे पाच-सहा नग, आणि बिल मागितलं की गप्प. असं दिसलं की मी पुढे जात नाही, भाव कितीही मोहाचा असो. माझ्याकडच्या प्रत्येक सेटचं बिल मी जपतो आणि विकताना त्याचा फोटो देतो. त्याने बोली चढते, हा माझा नेहमीचा अनुभव.

साठवणीचं. तुमच्या इमारतीत तळमजल्यावरचं बेर्गिंग, म्हणजे सामान ठेवायची खोली, असेल तर तिथे ठेवू नका, ओल असते. कौलाखालचा माळा उन्हाळ्यात तापतो, तोही नको. घरातली, बाहेरच्या भिंतीला न टेकलेली कपाटाची जागा सगळ्यात बरी. उन्हाने खोक्याचा लाल रंग सर्वात आधी उडतो. खोकी उभी ठेवा; एकावर एक रचली तर तळाचं खोकं बसतं आणि खोक्याला पोचा आला की जमवणारा माणूस मागे फिरतो. सिगारेटचा किंवा स्वयंपाकघराचा वास पुठ्ठ्यात बसतो आणि जात नाही. आणि सीलबंद म्हणजे आतला माल जसाच्या तसा राहतो असं समजू नका. स्टिकरचा गोंद सुकतो, रबराचे पट्टे तुटतात, आणि दोन हजारच्या दशकातले तांबूस तपकिरी तुकडे पहिल्यांदा जोडतानाच तडकतात हे जमवणाऱ्यांना चांगलंच माहीत आहे. दहा-बारा वर्षांहून जास्त ठेवायचा विचार असेल तर हे धरून चाला.

पुण्याला भावाकडे? नको. फेब्रुवारी २०२० मध्ये भारताने खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० वरून ६० टक्क्यांवर नेलं, २०२३ मध्ये ७० टक्के केलं, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक संस्थेचं, प्रमाणपत्र सक्तीचं आहे. पार्सलने पाठवलेली खोकी कस्टममध्ये अडकली तर सोडवण्याचा खर्चच नफा खाऊन टाकेल. सुट्टीला जाताना बॅगेतून एक-दोन नेता येतील, पण ती परत युरोपात आणून विकायची म्हटलं की इथल्या कराचा प्रश्न उभा राहतो. त्यातून पावसाळ्याचे चार महिने.  आणि भारतात बसून विकणार म्हणाल, तर ईबेचं भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्येच बंद झालं. सीलबंद जुन्या सेटचं गिऱ्हाईक अजून युरोप-अमेरिकेतच जास्त आहे. घरात जागा नसेल तर कमी सेट घ्या. जागा हाही खर्चच आहे.

विकताना ऑक्टोबर ते डिसेंबरचा पहिला पंधरवडा हा काळ साधा आणि लिलाव रविवारी संध्याकाळी संपेल असा लावा. एकाच सेटचे तीन नग एकाच आठवड्यात टाकू नका, तुम्हीच तुमचे प्रतिस्पर्धी होता. लिलाव चढायला ती वस्तू मनापासून हवी असलेली दोन माणसं पुरतात, पण दोन लागतातच. म्हणून नेहमी मिळणारा सेट ठरलेल्या किमतीला विका आणि दुर्मीळ सेटच लिलावात घाला, शक्य असेल तिथे राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली विकायचं नाही अशी किंमत, लावून. पाठवताना खोक्याच्या प्रत्येक बाजूला चार-पाच सेंटीमीटर जागा राहील असा बाहेरचा पुठ्ठा घ्या, मूळ खोक्यावर चिकटपट्टी लागू देऊ नका, आणि बंद करण्याआधी सीलचे फोटो काढून ठेवा. पोचल्यावर "सील तुटलेलं होतं" अशी तक्रार आलीच तर ते फोटोच तुमच्या बाजूने बोलतात.

कराबद्दल एवढंच. २०२३ पासून युरोपीय संघाच्या डीएसी-७ नियमानुसार, वर्षाला ३० किंवा जास्त विक्री, किंवा २,००० युरोंच्या वर रक्कम गेली, की संकेतस्थळ तुमची माहिती कर खात्याला कळवतं. हा नवा कर नाही, फक्त माहिती जाते. पण नियमितपणे विकण्यासाठीच घेत असाल तर तुम्ही व्यावसायिक ठरू शकता. मग दूरस्थ, म्हणजे ऑनलाइनसारख्या, विक्रीत घेणाऱ्याला १४ दिवसांत माल परत करण्याचा हक्क मिळतो, आणि सीलबंद मालाच्या विक्रेत्याला तो जड जातो. पहिल्या दहा-बारा विक्रींतच एखाद्या हिशोबनिसाला विचारून घ्या.

राहिला तुमचा सॅटर्न फाइव्ह. २१३०९ जून २०१७ मध्ये आला, मुद्दाम १,९६९ तुकड्यांचा, चांद्रमोहिमेच्या वर्षाची आठवण म्हणून. फार सुंदर सेट आहे, बांधला की मीटरभर उंच उभा राहतो. पण तोच सेट नोव्हेंबर २०२० मध्ये ९२१७६ या क्रमांकाने पुन्हा निघाला. म्हणजे रॉकेट हवं असणाऱ्याला दोन्ही सारखेच, आणि पहिल्या आवृत्तीसाठी जास्त देणारा फक्त पहिल्या क्रमांकाचा हट्ट असलेला. असे लोक आहेत, पण थोडे. तुम्ही पाठवलेल्या दुव्यात समोरचा आणि मागचा असे दोनच फोटो आहेत. विक्रेत्याला झडपांचे फोटो आणि वजन मागा. दिले नाहीत तर बोली लावू नका. दिले आणि समाधान झालं, तर ब्रिकलिंकवर ९२१७६ च्या नव्या नगांचा सहा महिन्यांतला विक्रीभाव काढा, त्यातून खरेदीदार शुल्क आणि टपाल वजा करा, आणि त्याच्या वर एक युरोही जाऊ नका. मुलाबरोबर बांधायचा असेल तर मात्र ९२१७६ चाच वापरलेला, पूर्ण आणि पुस्तिकेसकट असलेला नग शोधा. पुष्कळ स्वस्त मिळेल आणि उघडताना जीव खालीवर होणार नाही.